हा राडारोडा कुणाच्या दारात?

०.७ ग्रॅम. मार्च २०११मध्ये जपानच्या फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रातल्या तीन अणुभट्ट्या वितळल्या. त्यातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या भट्टीच्या पोटातून वितळलेल्या इंधनाचा पहिला तुकडा बाहेर आला तो थेट नोव्हेंबर २०२४मध्ये, आणि त्याचं वजन भरलं जेमतेम एवढं. त्यासाठी एकात एक सरकत जाणारा, २२ मीटरपर्यंत लांब होणारा खास दांडा बनवला होता. ऑगस्टमध्ये काम सुरू होणार तोच लक्षात आलं, की दांडा आत ढकलायच्या नळ्या चुकीच्या क्रमानं लावल्यात. थांबा! सप्टेंबरमध्ये दांड्यावरच्या कॅमेऱ्यांनी मान टाकली. पुन्हा थांबा!

आत उरलेला माल अंदाजे ८८० टन आहे. दर खेपेला ०.७ ग्रॅम धरून हिशोब केला, तर सव्वाशे कोटी खेपा होतात. अर्थात पुढं मोठी यंत्रं येतील. पण काढणं हा निम्माच उद्योग. काढलेलं ठेवायचं कुठं, इथं भल्याभल्या देशांचं घोडं पेंड खातं. अणुकेंद्राची सफाई म्हणजे किरणोत्सार नाहीसा करणं नव्हे. तो इथून उचलून तिथं नेणं. आणि ‘तिथं’ राहणारी माणसं काही हार घेऊन उभी नसतात.

मूठभर जहाल, डोंगरभर मवाळ

अणुकेंद्र पाडलं की जो राडारोडा निघतो, त्यातला बहुतेक साध्या इमारतीसारखाच असतो : काँक्रीट, सळया, पाइप, माती, हातमोजे, रबरी बूट. त्यातला बराचसा मवाळ. खरा जहाल ऐवज घनफळानं मूठभर, पण किरणोत्साराचा मोठा वाटा त्याच्याच पोटात. मवाळाचा त्रास त्याच्या आकाराचा असतो, तर जहालाचा त्याच्या आयुष्याचा.

आयुष्य म्हणजे किती? सीझियम-१३७ दर ३० वर्षांनी निम्मं होतं. अशी दहा आवर्तनं झाली की साधारण हजारावा भाग उरतो. म्हणजे पहिला बाजीराव १७२०मध्ये पेशवा झाला तेव्हा कुणी ते पुरलं असतं, तर आज त्याचा जवळपास निकाल लागला असता. प्लुटोनियम-२३९ला मात्र नुसतं निम्मं व्हायलाच २४,१०० वर्षं लागतात. तिथं पेशवाई, शिवशाही, यादव, सातवाहन सगळे मिळूनही पुरे पडत नाहीत.

फर्नाल्डचा डाव

अमेरिकेत ओहायो राज्यात, सिनसिनाटीपासून तीसेक किलोमीटरवर फर्नाल्ड नावाचं ठिकाण आहे. १९५१पासून १९८९पर्यंत इथं अण्वस्त्रांच्या कारखान्यांसाठी युरेनियम धातू तयार व्हायचा. कारखान्याचं अधिकृत नाव होतं ‘फीड मटेरियल्स प्रॉडक्शन सेंटर’. त्यात पाण्याच्या टाकीवर लाल-पांढरे चौकोन रंगवलेले, हुबेहूब प्युरिना या पशुखाद्याच्या कंपनीसारखे. शेजारच्या कित्येक लोकांची वर्षानुवर्षं समजूत होती, की इथं कुत्र्या-मांजरांचं खाणं बनतं! १९८४मध्ये युरेनियमची धूळ हवेत गेल्याची आणि आसपासच्या विहिरींत युरेनियम उतरल्याची बातमी फुटली, तेव्हा पशुखाद्याचा खरा मेनू कळला.

मग आंदोलनं झाली, खटले झाले, नुकसानभरपाई झाली. हे सगळं कुठंही होतं. फर्नाल्डची खरी गंमत पुढं आहे. १९९३मध्ये सफाईचं काय करायचं हे सुचवायला स्थानिकांची एक समिती नेमली गेली. शेजारी, कामगार, स्थानिक अधिकारी असे सगळे त्यात होते. सुरुवातीची भावना सरळ होती : तुम्ही घाण केली, तुम्हीच उचला, सगळी उचला आणि दूर न्या. कुणीही हेच म्हणेल. मीही म्हणालो असतो.

तेव्हा समितीसमोर एक खेळ मांडण्यात आला. नाव ‘फ्यूचरसाइट’. टेबलावर फर्नाल्डचा नकाशा, त्यावर पोकरच्या रंगीत चकत्यांचे थर. चकत्या म्हणजे प्रदूषित माती आणि माल. रंगावरून कळायचं, कुठला किती प्रदूषित. आता ठरवा : उद्या या जागेवर काय हवंय? शेती? घरं? कारखाने? की नुसतं मोकळं रान? शेती हवी असेल तर माती अगदी चोख हवी, म्हणजे भराभर चकत्या उचला. मोकळं रान चालणार असेल तर कमी उचला. इथपर्यंत सगळे खूश. पण उचललेल्या चकत्या खिशात घालायची सोय नव्हती. त्या कुठंतरी ठेवायच्या होत्या.

चकत्यांचा ढीग वाढत गेला तशी टेबलाभोवतीची भाषा बदलली. एवढे ट्रक कुणाच्या गावातून जाणार? पलीकडच्या राज्यातल्या लोकांनी आपलं काय घोडं मारलंय? १९९५मध्ये समितीनं जी शिफारस केली, ती ऐकून सरकारी अधिकारीही चाट पडले असतील. मवाळ माल, म्हणजे एकूण घनफळातला सिंहाचा वाटा, आमच्याच आवारात राहू द्या. जहाल माल तेवढा बाहेर न्या. आणि एक अट : बाहेरचा एक खडाही इथं आणून टाकायचा नाही. आपलं आपण निस्तरू, दुसऱ्याचं नको. घरात पाळायला हवा असा नियम आहे.

त्यानुसार आवारातच, जिथं चिकणमातीचा थर सगळ्यात जाड तिथं, गवताळ टेकडीसारखा दिसणारा साठा उभा राहिला. जागा निवडायला कारण होतं : खाली ग्रेट मायामी नदीखोऱ्याचा मोठा भूजलसाठा आहे. साठ्याच्या तळाला आणि माथ्यावर चिकणमाती, प्लास्टिकचे पडदे, खडी यांचे थर. त्यातला एक थर खास दगडगोट्यांचा, बिळं करणाऱ्या प्राण्यांचे पंजे तिथंच अडावेत म्हणून. (ही काळजी फाजील वाटत असेल तर जरा थांबा, सशांची गोष्ट पुढं आहे.) टेकडीच्या पोटात सुमारे २२ लाख घनमीटर राडारोडा आहे. २००६मध्ये काम संपलं, खर्च ४४० कोटी डॉलर. आज तिथं निसर्ग-उद्यान आहे आणि लोक दुर्बिणी घेऊन पक्षी बघायला येतात.

रेडियम आमचं, भांडं तुमचं

फर्नाल्डच्या जहाल मालात सगळ्यात जहाल होता दोन सायलोंमधला, म्हणजे मोठ्या टाक्यांमधला, गाळ. हा बेल्जियन काँगोतल्या शिंकोलोब्वे खाणीच्या धातुकाचा चोथा. हे धातुक इतकं समृद्ध होतं, की युरेनियम काढून घेतल्यावरही चोथ्यात भरपूर रेडियम उरायचं. आणि विक्री करारात बेल्जियन कंपनीनं त्या रेडियमवरचा आपला हक्क राखून ठेवला होता! म्हणजे कचरा अमेरिकेच्या दारात, मालकी बेल्जियमची. रेडियमचा भाव पडला आणि मालकांनी तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

हा गाळ सिमेंटमध्ये कालवून नेव्हाडाला पाठवायचं ठरलं. नेव्हाडानं २००४मध्ये कोर्टात खेचायची धमकी दिली. शेवटी तो टेक्ससमधल्या अँड्र्यूज इथल्या खासगी साठवण केंद्रात गेला. फर्नाल्डच्या आवारातल्या खड्ड्यांमधला, या गाळाहून सौम्य माल, जवळजवळ दहा लाख टन, रेल्वेनं युटाच्या वाळवंटात पोचला. गाड्यांमागून गाड्या, वर्षानुवर्षं.

चढा की, फुकट आहे

मिसुरीतलं वेल्डन स्प्रिंग तर आणखी पुढं गेलं. आधी महायुद्धातला स्फोटकांचा कारखाना, मग १९५७ ते १९६६ युरेनियमवर प्रक्रिया. तिथला सगळा राडारोडा ४१ एकरांवर रचून २००१मध्ये दगडांनी झाकला. उंची ७५ फूट. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की याला पायऱ्या करूया. आता शाळांच्या सहली येतात, लोक धापा टाकत वर चढतात आणि लांबवरचा मुलूख बघतात. त्या सपाट भागात एवढं उंच दुसरं काही सहज मिळत नाही. माथ्यावर फलक आहेत. स्फोटकांच्या कारखान्यासाठी उठवलेल्या तीन गावांचा इतिहास त्यांवर वाचायला मिळतो. पायथ्याशी माहिती केंद्र. तिकीट नाही.

किती चोख म्हणजे चोख?

कोलोरॅडोतल्या रॉकी फ्लॅट्समध्ये बॉम्बसाठी प्लुटोनियमचे गाभे बनायचे. इथल्या काही खोल्यांना कामगार ‘इन्फिनिटी रूम’ म्हणायचे, कारण आत मोजमापाचा काटा टोकाला जाऊन अडकायचा. १९८९मध्ये चक्क एफबीआयनं या सरकारी कारखान्यावर धाड घातली. सफाईचा पहिला अंदाज होता ६५ वर्षं आणि ३,७०० कोटी डॉलर. प्रत्यक्षात काम १० वर्षांत, सुमारे ७०० कोटींत, २००५मध्ये उरकलं. सरकारी काम आणि वेळेआधी! वाचताना मीही आकडे दोनदा तपासले.

यात हातचलाखी किती आणि हुशारी किती, यावर तिकडं अजून वाद आहे. मातीत प्लुटोनियम किती चालेल याचा सरकारनं आधी ठरवलेला आकडा होता ग्रॅममागे ६५१ पिकोक्युरी. लोक भडकले, स्वतंत्र तज्ज्ञ बसवले, आणि वरच्या तीन फुटांसाठी तो ५०वर आला. त्याखाली मात्र सवलत मिळाली. काही इमारतींचे पायेही जमिनीखाली तसेच आहेत. वर अभयारण्य झालंय आणि २०१८पासून पायवाटा खुल्या आहेत. मला विचाराल तर मी फिरायला जाईन, पण फावडं घेऊन नाही.

मेन यांकी या अणुवीज केंद्राची कथा उलटी. कंपनीला वाटलं, सौम्य काँक्रीट फोडून इमारतींच्या तळघरांतच भरून टाकू, स्वस्तात पडेल. मेन राज्यातले लोक ठाम राहिले : नाही म्हणजे नाही. मग राडारोडा राज्याबाहेर गेला, आणि भट्टीचं मुख्य भांडं तर २००३मध्ये बार्जवर चढवून समुद्रमार्गे दक्षिण कॅरोलायनाला. २००५मध्ये सगळं सपाट झालं. उरली ती फक्त ६४ काँक्रीटची पिंपं. साठांत वापरलेलं इंधन, चारांत भट्टीच्या आतलं पोलाद. केंद्र सरकारनं ती १९९८पासून उचलायला सुरुवात करायची होती. अजून उचलली नाहीत, कारण ठेवायला जागाच ठरलेली नाही. त्यामुळं वीजकेंद्र नाही, वीज नाही, पण बंदूकधारी पहारा आहे, आणि त्या खर्चाची भरपाई कोर्टाच्या आदेशानं केंद्र सरकार भरतं.

ससे, लेंड्या आणि हेलिकॉप्टर

वॉशिंग्टन राज्यातलं हॅनफर्ड म्हणजे या क्षेत्रातली पंढरी. नागासाकीच्या बॉम्बचं प्लुटोनियम इथलं. जमिनीखाली १७७ टाक्या, त्यांत मिळून वीस कोटी लिटरहून जास्त कचरा. पन्नासच्या दशकात टाक्यांतलं काही पाणी सरळ चरांत सोडलं होतं. बॅजर या बिळं करणाऱ्या प्राण्यानं तिथं उकरून वाट केली. मागून ससे आले. त्यांना खारट चव आवडली. सीझियम आणि स्ट्राँशियमचे क्षार चाटून ससे रानभर हिंडले, आणि सशांनी हिंडताना जे करायचं ते केलं. किरणोत्सारी लेंड्या चौफेर पसरल्या.

पुढं त्या शोधायला २००९मध्ये हेलिकॉप्टर आणलं. खाली किरणोत्सार टिपणारी यंत्रं, जोडीला जीपीएस. वरून घिरट्या घालत लेंड्यांचा नकाशा! जगातल्या कुठल्याही सशाला एवढं महत्त्व मिळालं नसेल. ती माती खरवडून हॅनफर्डच्याच अवाढव्य खड्ड्यात गेली. १९९६मध्ये सुरू झालेल्या त्या खड्ड्यात आजवर दीड कोटी टनांहून जास्त राडारोडा गेला आहे.

इथंच डिसेंबर २००४मध्ये खणताना एक जुनी तिजोरी सापडली. आत काचेची बरणी, बरणीत पांढुरका गाळ. प्रयोगशाळेनं कसून तपासल्यावर कळलं, की हे १९४४ साली वेगळं केलेलं प्लुटोनियम आहे. मोठ्या प्रमाणावर बनवलेल्या प्लुटोनियमच्या जगातल्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक. पुरताना नोंद ठेवायची तसदी कुणी घेतली नव्हती. राडारोडा निवडणाऱ्यांची खरी डोकेदुखी हीच : खड्ड्यात काय टाकलंय हे टाकणाऱ्यालाही आठवत नाही.

मांजरांचा दोनदा संबंध

न्यू मेक्सिकोत मिठाच्या थरात, ६५५ मीटर खोल, डब्ल्यूआयपीपी नावाचं भांडार आहे. प्लुटोनियमनं बरबटलेला लष्करी कचरा इथं १९९९पासून उतरतो. मीठ हळूहळू सरकत येतं आणि पिंपांना आपोआप गिळून टाकतं, अशी योजना.

१४ फेब्रुवारी २०१४च्या रात्री ६८६६० क्रमांकाचं पिंप फुटलं. ते लॉस अलामॉसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेतून आलं होतं. आतला ओलावा शोषायला त्यात मांजराच्या मलपात्रातली भुकटी घालतात. हा नेहमीचा, चांगला उपाय आहे, फक्त ती भुकटी मातीची हवी. यात घातली होती गव्हापासून बनवलेली, ‘ऑरगॅनिक’! नायट्रेटच्या क्षारांशी तिची जुंपली, पिंप तापलं, झाकण उडालं. भांडार जवळपास तीन वर्षं बंद. पर्यावरणस्नेही खरेदी एवढी महाग क्वचितच पडली असेल.

दुसरं मांजर कागदावरचंच राहिलं. दहा हजार वर्षांनंतरच्या माणसाला ‘इथं खणू नकोस’ हे सांगायचं कसं, यावर १९८४मध्ये दोघा युरोपीय अभ्यासकांनी सुचवलं : किरणोत्सार जाणवताच रंग बदलणारी मांजरं पैदा करा, आणि ‘मांजर रंगलं की पळ’ अशी गाणी-गोष्टी लोकांत रुजवा. सरकारी फायलीत ही कल्पना मुरली नाही, हे बरंच झालं.

मिठाचा प्रयोग जर्मनीनं आधीच केला होता. आसे इथल्या जुन्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ या काळात सव्वा लाखाहून जास्त पिंपं उतरवली, बरीचशी तर लोडरनं सरळ उतारावरून लोटून दिली. आता खाणीत रोज हजारो लिटर पाणी झिरपतं, आणि २०१३च्या कायद्यानं ती सगळी पिंपं पुन्हा वर आणायचं ठरवलं आहे.

मंत्री पोहले, टोमॅटो जळाले

१७ जानेवारी १९६६ला स्पेनच्या पालोमारेस गावावर अमेरिकी बी-५२ विमान कोसळलं. चार हायड्रोजन बॉम्ब. अणुस्फोट झाला नाही, पण दोन बॉम्बांमधलं साधं स्फोटक फुटून प्लुटोनियम शेतांत पसरलं. चौथा बॉम्ब समुद्रात. एका कोळ्यानं तो पडताना पाहिला होता म्हणून अखेर सापडला. तो सापडायच्या आतच स्पेनचे पर्यटनमंत्री मान्युएल फ्रागा आणि अमेरिकी राजदूत कॅमेऱ्यांसमोर समुद्रात पोहून आले : बघा, काही धोका नाही! तिकडं टोमॅटोची रोपं उपटली जात होती आणि १,४०० टन माती-पालापाचोळा ४,८१० पिंपांत भरून दक्षिण कॅरोलायनाला रवाना होत होता. सगळी माती मात्र गेली नाही. उरलेलीसुद्धा न्यावी, अशा इराद्याच्या कागदावर दोन्ही देशांनी सह्या केल्या त्या २०१५मध्ये.

मार्शल बेटांवर एवढीही लाज राखली गेली नाही. तिथल्या एनेवेटाकमध्ये अमेरिकेनं १९५८च्या अणुचाचणीनं पडलेल्या विवरातच ७० हजार घनमीटरहून जास्त माल ओतला आणि १९८०पर्यंत वर दीड फूट जाडीचं काँक्रीटचं कवच चढवलं. खाली अस्तर? घातलंच नाही. भरती-ओहोटीचं पाणी खालून ये-जा करतं.

पाणी उकळलं, माती बागेत

अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या १९७९च्या अपघातानंतर उरलेल्या ८७ लाख लिटर पाण्याचं काय करायचं, हा प्रश्न दहा वर्षं चघळला गेला. नदीत सोडायला खालच्या गावांचा विरोध. शेवटी १९९१ ते १९९३ अडीच वर्षं ते तापवून वाफ करून आकाशात सोडलं.

जपानपुढं माती आहे. फुकुशिमाच्या शेतांतून, अंगणांतून खरवडलेली सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर. कायदा म्हणतो, मार्च २०४५पर्यंत ती फुकुशिमाबाहेर नेऊन तिची कायमची विल्हेवाट लावा. कुठलाही प्रांत पुढं आलेला नाही. त्यातल्या सौम्य मातीचा रस्ते-बंधाऱ्यांत भराव म्हणून वापर करायचा सरकारचा विचार आहे, पण टोकियोतल्या शिंजुकु ग्योएन उद्यानात नुसता प्रयोग करू म्हटलं तरी रहिवासी खवळले. तेव्हा जुलै २०२५मध्ये सरकारनं थोडी माती आणून थेट पंतप्रधान कार्यालयाच्या आवारात पसरली आणि वर साध्या मातीचा थर दिला. मंत्र्यांच्या पोहण्यापेक्षा हे बरं. निदान माती तिथंच राहणार आहे.

मागून नेला जाणारा कचरा

आपल्या तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या, भाभा अणुसंशोधन केंद्रात काही वेगळंच चालतं. हा पाडकामाचा राडारोडा नव्हे. वापरलेल्या इंधनातून युरेनियम-प्लुटोनियम काढून घेतल्यावर उरणारं जहाल द्रव. एरवी ते काचेत ओतून, गोठवून जपून ठेवायचं. पण त्यातलं सीझियम-१३७ आधीच वेगळं काढलं आणि काचेच्या छोट्या कांड्यांत भरून बंद केलं, तर तेच रक्तपेढीच्या कामाला येतं. प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णाला रक्त देताना त्यातल्या दात्याच्या लसीका पेशी रुग्णावरच उलटू शकतात. रक्ताच्या पिशवीवर किरणांचा ठरावीक मारा केला की त्या पेशींची वाढ थांबते. या कामासाठी पूर्वी कोबाल्ट-६० वापरत. ते सव्वापाच वर्षांत निम्मं होतं, सीझियमला ३० वर्षं लागतात. त्यामुळं स्रोत बदलायची कटकट कमी. त्या कांड्या घातलेली यंत्रं आता रक्तपेढ्या पैसे मोजून घेतात.